काठ ढासळतो कुठून, आणि गवत त्याला धरतं कसं?

नमस्कार मंडळी! नदी असो, कालवा असो की तलाव, काठ ढासळायला लागला की पहिली मागणी ठरलेली: "भिंत बांधा." मला हा घाईचा निर्णय वाटतो. उभ्या भिंतीवर लाट आपटते, बराचसा जोर घेऊनच मागे फिरते आणि भिंतीच्या पायाशी असलेली माती उपसून नेते. भिंत जिथे संपते, तिथला उघडा काठ तर आणखी वेगाने खचतो.

म्हणून आज जिवंत काठाबद्दल बोलूया. गवत, त्याच्या मुळांत गुंतलेली जाळी, आणि जाळीला जमिनीत खोलवर धरून ठेवणारे अँकर.

गवताची पाती पाण्याचा वेग मातीपर्यंत पोचू देत नाहीत आणि मुळं माती बांधून ठेवतात. वाळा घ्या. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत 3 मीटरपर्यंत. खारं पाणी त्याला मानवत नाही, खाडीकाठी मीठ सोसणाऱ्या वनस्पतीच लावाव्या लागतात. पण नुसत्या गवताला मर्यादा आहे. पाणी सेकंदाला साधारण 2 मीटर वेगाने तासन्‌तास वाहत राहिलं, की चांगली दाट हिरवळही उचकटायला लागते.

तिथे जाळी कामाला येते. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची ही जाड, पोकळ वीण असते. कोंब तिच्यातून वर येतात, मुळं तिच्यातून खाली जातात. गवत कोवळं असतं तोवर माती जाळीच सांभाळते. उन्हाने हा धागा ठिसूळ होतो, त्यामुळे ऊन सोसेल अशीच जाळी घ्या. पुढे गवत दाट झालं की तेच तिच्यावर सावली धरतं.

आता अँकर. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण काम फसतं ते बहुतेक इथेच.

(पडद्यावर: काठाचा उभा छेद)

हे बघा, हे अँकरचं टोक. निमुळतं, धातूचं, मागे पोलादी दोर. एका सळईने ते ठोकत खाली न्यायचं, ठरलेल्या खोलीवर पोचलं की सळई काढून घ्यायची. मग दोर वर ओढायचा. ओढला की टोक जमिनीत फिरून आडवं होतं, काजातून गेलेलं बटण आडवं व्हावं तसं. आता ते उपटायचं तर वरची सगळी माती उचलावी लागेल! जाळीवर प्लेट ठेवून दोर ताणून बसवायचा. हा ताण मोजून बघायलाच हवा. भुसभुशीत, भिजलेल्या वाळूत पकड कमी मिळते, तिथे टोक मोठं किंवा खोली जास्त लागते.

हातभर लांबीच्या खुंट्या ठोकून हे काम भागत नाही. खुंट्या जाळीला मातीशी चिकटवून ठेवतात, एवढंच. उताराचा वरचा थर घसरायला लागला, तर त्याला खालच्या घट्ट थराशी बांधून ठेवतो तो अँकर. आणि अख्खा काठच खोलवरून सरकत असेल, तर गवताच्या भरवशावर राहू नका, भू-तांत्रिक अभियंत्याला बोलवा.

या पद्धतीचा मला सगळ्यात पटणारा गुण म्हणजे ती पाणी अडवत नाही. पूर झपाट्याने ओसरतो तेव्हा काठाच्या आत पाणी साठलेलं असतं आणि ते बाहेर दाब देतं. जाळीतून ते झिरपून जातं. निचऱ्याची भोकं नसलेल्या भिंतीमागे मात्र तुंबतं.

पायथा विसरू नका. रोज पाण्याखाली असणाऱ्या पट्ट्यात हे गवत जगत नाही, तिथे दगडच हवेत. आणि खुल्या समुद्राच्या फुटणाऱ्या लाटांसमोर ही पद्धत एकटी टिकत नाही, हे स्पष्ट सांगतो.

जाळी अंथरताना प्रवाहाच्या वरच्या अंगाचा पट्टा खालच्या अंगाच्या पट्ट्यावर चढवा, म्हणजे प्रवाह सांध्यात शिरणार नाही. वरची कड चरात पुरा. पहिला पूर येऊन गेला की आधी जाळीची दोन्ही टोकं तपासा. जाळीखाली हात जात असेल, तर तिथली माती वाहून गेली आहे. ती भरून, दाबून, प्लेट पुन्हा ताणून घ्या, आणि गवत मेलं असेल तिथे लगेच नवं लावा.