उणे ८५० मिलिव्होल्ट: पाइपलाइनचा गंज आणि मीटरवरचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार. जमिनीत पुरलेली तेलाची किंवा वायूची पोलादी पाइपलाइन सगळीकडे सारखी गंजत नाही. कोटिंगला, म्हणजे पाइपवरच्या संरक्षक लेपाला, बारीकसं छिद्र पडलं की गंज तिथेच एकवटतो आणि पाइप आरपार खातो. पाइपमधून मातीत एक अँपिअर प्रवाह वर्षभर उतरत राहिला, तर सुमारे ९ किलो लोखंड झिजतं.

कारखान्यातलं कोटिंग सहसा चांगलं असतं. खरी कच्ची जागा म्हणजे साइटवर वेल्ड केलेला सांधा. तिथे ब्लास्टिंग, म्हणजे कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करणं, अपुरं झालं, धूळ किंवा क्षार उरले, की सांध्यावर चढवलेलं संरक्षक आवरण, म्हणजे स्लीव्ह, सुटते. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त नसेल, तर काम थांबवावं. पाइप खंदकात उतरवण्याआधी कोटिंगमधली छिद्रं शोधणारा हॉलिडे डिटेक्टर फिरवायलाच हवा.

त्यानंतर कॅथोडिक संरक्षण, म्हणजे बाहेरून वीजप्रवाह देऊन पाइपचा गंज रोखणं. एकदिश प्रवाह देणाऱ्या रेक्टिफायरचं ऋण टोक पाइपला, धन टोक मातीत पुरलेल्या अॅनोडना; तेच प्रवाह मातीत सोडतात. उलट जोडलं, तर पाइपच अॅनोड होऊन झपाट्याने झिजतो. म्हणून प्रवाह सुरू केल्यावर पाइपचं पोटेन्शियल, म्हणजे मातीच्या तुलनेतलं त्याचं व्होल्टेज, आणखी ऋण झालं का, हे पाहिल्याशिवाय साइट सोडू नये.

हे पोटेन्शियल मोजताना तुलनेसाठीचा कॉपर सल्फेट इलेक्ट्रोड पाइपच्या वर मातीत टेकवतात. माती कोरडी असेल तर आधी पाणी ओततात. सर्वमान्य निकष उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून ऋण. पण प्रवाह चालू असताना मातीतला व्होल्टेज ड्रॉपही त्यात मिसळतो आणि आकडा फुगतो. त्या भागावर परिणाम करणारे सगळे रेक्टिफायर एकाच क्षणी तोडून, सुरुवातीचा झटका सोडून, लगेच येणारं वाचन धरायचं. एकही चालू राहिला तर ते वाचन निरुपयोगी. सल्फेटवर जगणारे जिवाणू असलेल्या मातीत उणे ९५० लागतात. म्हणून प्रवाह वाढवतच जावं, असं मात्र नाही. प्रवाह बंद करतानाचं वाचन उणे १२०० च्या पलीकडे गेलं, की हायड्रोजन सुटून कोटिंग उचकटू लागतं.

पॉलिएथिलीनचं कोटिंग सुटलं, पण फाटलं नाही, तर त्याखाली शिरलेल्या पाण्यापर्यंत संरक्षक प्रवाह पोहोचत नाही. वर मीटर ठणठणीत दाखवतो, आत गंज चालूच! अशी झीज तपासणी पिगला, म्हणजे पाइपच्या आतून फिरणाऱ्या उपकरणाला, सापडते.

पाइपच्या आतल्या गंजावर हा बाहेरचा प्रवाह काहीच करत नाही. सखल भागात साचलेलं पाणी, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड, हे तिथले शत्रू. आधी सफाई पिग चालवून गाळ आणि पाणी काढा, मगच गंज रोखणारं रसायन, म्हणजे इन्हिबिटर, सोडा. गाळाखालच्या पोलादापर्यंत ते पोहोचत नाही.