स्टे आला, पण पगाराचं काय?

नमस्कार श्रोतेहो. कामावरून काढलेला माणूस कामगार न्यायालयात जिंकतो, 'परत कामावर घ्या' असा निवाडा होतो, आणि मालक हायकोर्टात जाऊन स्टे, म्हणजे निवाड्याला स्थगिती, आणतो. मग त्या माणसानं खायचं काय? आज एवढंच बोलू.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला एक टर्नर. लेथवर पंधरा वर्षांचा हात. सुपरवायझरशी वाजलं, बडतर्फ झाला. पाच वर्षांनी केस जिंकला आणि गल्लीभर पेढे वाटले. पेढ्यांची आपल्याकडे भारी घाई. त्यात हल्लीचा पेढा म्हणजे नुसती साखर, खवा शोधावा लागतो. असो. तर सोमवारी सकाळी जुन्या युनिफॉर्मला इस्त्री मारून, झुणका-भाकरीचा डबा घेऊन गडी गेटवर हजर. वॉचमननं खिडकीतूनच सांगितलं, "मामा, स्टे आलाय."

डबा घेऊन तो तसाच माझ्या ऑफिसात. "वकीलसाहेब, जिंकलो म्हणाला होता न्हवं?"

आधी आम्ही डबा संपवला. मग मी म्हटलं, मामा, कामावर घेणं थांबलंय, पगार थांबलेला नाही. श्रोतेहो, पुन्हा सांगतो: कामावर घेणं थांबतं, पगार थांबत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात 1984 पासून कलम 17-ब होतं; आताच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती सोय ठेवली आहे. अट एकच, दुसऱ्या कुठल्या आस्थापनेत कामाला नाही, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं.

ते टाइप झालं. सहीला पेन टेकवलं आणि मामा थांबले. "साहेब, दोन म्हशी हायत. गल्लीत दूध घालतोय. लिहायचं?"

"लिहायचं." न वाचता सही ठोकणाऱ्यांच्या गर्दीत असा पक्षकार क्वचित भेटतो.

तेव्हा कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच नव्हतं, ते आलं 2025 मध्ये. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर बसून आम्ही मुंबईत. कंपनीचे वकील म्हणाले, यांचा तर दुधाचा धंदा आहे! न्यायमूर्तींनी विचारलं, रोज किती लिटर? मामा मागच्या बाकावरून उठून उभे. "सकाळी सहा, संध्याकाळी पाच. भाकड गेली की काय न्हाई." आता 'भाकड'ला इंग्रजी शब्द मला त्या क्षणी सुचेना! न्यायमूर्ती मात्र हसले, त्यांना कळलं होतं. दोन म्हशी म्हणजे आस्थापना नव्हे, पगार सुरू करा, असा आदेश झाला.

हा पगार म्हणजे काढलं तेव्हाचा शेवटचा पगार, आजचा नव्हे. मधल्या वर्षांची थकबाकी हा वेगळा हिशेब. आणि पुढे कामगार हरला तरी ही रक्कम परत मागता येत नाही. देना बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये तसं म्हटलं आहे. दुसरं असं की, मालकानं नुसती याचिका दाखल केली म्हणून निवाडा थांबत नाही. स्टे मागावा लागतो, आणि कोर्टानं तो द्यावा लागतो. गेटवर कुणी 'स्टे आहे' म्हटलं तर कागद मागा. मामांनी मागितला नव्हता.

याचिका बरीच वर्षं पडून राहिली. मामा दर महिन्याला चेक घ्यायला गेटवर जायचे. आत सोडत नसत. खिडकीतून चेक बाहेर यायचा आणि खिडकीतूनच अर्धा लिटर दूध आत जायचं. वॉचमननं रतीब लावला होता.