मूठभर सळयांचा दाम

श्रोतेहो, नमस्कार. ‘दाम करी काम’ आपण येताजाता म्हणतो. त्यातला दाम मूळचा ग्रीक आहे. ग्रीक नाणं द्राख्मे, संस्कृतात त्याचं द्रम्म झालं, आणि द्रम्माचा दाम. दमडी याच दामाची लेक.

पण द्राख्मे म्हणजे काय? मूठभर! ही हकिगत मला फार प्रिय आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की फार पूर्वी लोखंडी सळया हेच चलन होतं. मांस भाजायच्या सळया. एका सळईला म्हणत ओबोलोस. हाताच्या एका मुठीत मावत सहा. सहा सळया म्हणजे एक मूठ, एक मूठ म्हणजे एक द्राख्मे. पुढे चांदीची नाणी आली, सळया गेल्या, तरी हिशेब तोच राहिला : सहा ओबोलोसचा एक द्राख्मे. आणखी एक जुनी आख्यायिका अशी, की ग्रीसमधल्या आर्गोस नगराचा राजा फैडोन यानं नाणी पाडली आणि जुन्या सळया हेरा देवीच्या देवळात वाहून टाकल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या देवळाच्या जागी उत्खनन झालं, आणि लोखंडी सळयांची जुडगी खरोखरच हाती लागली! गंजून एकमेकींना चिकटलेली. सळया फैडोनच्याच, असं छातीठोक म्हणता येत नाही. पण चलनाची मूठ मातीतून वर आली, हे काय कमी आहे?

म्हणून मला वाटतं, मुलांच्या हाती सुटी नाणी द्यावीत. फोनवरून पैसे देणाऱ्या मुलाला पैशाचं वजन कळत नाही. दुकानात पाठवा, मोड मोजून आणू द्या.

असो. हे नाणं आपल्याकडे आलं कसं? मिनँडरसारख्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांनी वायव्येला ते पाडलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी लिहितो, की भडोचच्या बाजारात मिनँडरचे जुने द्राख्मे अजून चालतात. त्याच भडोचला पैठणहून अकीकाचे खडे गाड्यांनी जात. पुढे कोकणच्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांतही द्रम्म भेटतात. लक्षात ठेवा : द्राख्मे, द्रम्म, दाम.

ग्रीसनं 2001 साली युरो घेतला, 2002 साली द्राख्मे मोडीत निघालं. आर्मेनियात मात्र ड्राम चालतो. आणि दुबईहून रत्नागिरीला घरखर्च धाडणारा आपला माणूस ज्या दिरहमांत पगार घेतो, ते दिरहमही त्याच द्राख्मेचं अरबी रूप.