यवाश, यवाश

(तालुक्याच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी काहींनी माझ्या वडिलांचा ट्रक पाहिलेला आहे, हे मला माहीत आहे. म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

वडील कोल्हापुरातून गुळाच्या ढेपा भरून रत्नागिरीला जायचे. सुट्टी लागली की मी त्यांच्या शेजारी. आंब्याच्या घाटाच्या तोंडाशी ते गाडी उभी करायचे, खाली उतरून एकेका टायरवर पान्यानं ठोकून आवाज ऐकायचे, आणि परत वर चढताना दर वेळी तेच सांगायचे: ‘ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक हा थांबायला असतो, उतरायला नाही.’ तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आज मी जे सांगणार आहे ते एका अर्थानं या दोन वाक्यांबद्दलच आहे, फक्त घाट तुर्कस्तानातले आहेत.

मी १९६७ साली इंग्लंडला गेलो, फिटर म्हणून. केंट परगण्यात एका मालवाहतूक कंपनीच्या गॅरेजात लागलो. सात वर्षं गाड्यांच्या खाली आडवा पडून काढली, मधल्या काळात जड वाहनाचं लायसन काढलं. १९७४ च्या हिवाळ्यात एका ड्रायव्हरबरोबर दुसरा माणूस हवा होता. गाडी जुनी होती, वाटेत मोडली तर दुरुस्त करणारा सोबत असावा म्हणून मालकानं मला विचारलं. कुठे जायचं, तर तेहरानला. इंग्लंडहून साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास, एकेरी.

आता तुम्ही म्हणाल, लंडनचा माल तेहरानला ट्रकनं कशाला? जहाजं नव्हती का? जहाजं होती, पण सुएझचा कालवा १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धापासून बंद होता, तो १९७५ च्या जूनमध्ये उघडला. तोवर जहाज आफ्रिकेला वळसा घालून जायचं. त्यात १९७३ च्या ऑक्टोबरच्या युद्धानंतर काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. इराण आणि अरब देशांकडे एकदम पैसा आला आणि त्यांना सगळंच एकदम हवं झालं: सिमेंट, पंप, जनरेटर, लिफ्ट, दवाखान्याचं सामान. बंदरं मात्र तेवढीच. इराणच्या खोर्रमशहर बंदराबाहेर जहाजं महिनोन्‌महिने नांगर टाकून उभी असायची. ट्रक दोन-तीन आठवड्यांत दारात जाऊन उभा राहायचा.

ही वाट आमच्या आधी काहींनी पाडली होती. १९६४ साली बॉब पॉल आणि मायकेल वुडमन हे दोघं गाय वॉरियर नावाचा ट्रक घेऊन लंडनहून थेट काबूलला गेले होते. आमच्या गॅरेजात त्यांची नावं आदरानं घेतली जायची, आणि ते योग्यच होतं. नकाशावर रस्ता दिसतो आणि त्या रस्त्यावरून भरलेला ट्रक जातो, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आमची गाडी अ‍ॅटकिन्सन. १८० अश्वशक्तीचं गार्डनर इंजिन, मागे ताडपत्रीचा ट्रेलर, सगळं मिळून ३२ टन. गार्डनरसारखं इमानी इंजिन मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही, डिझेलही बेतानं प्यायचं. पण ती गाडी इंग्लंडातल्या इंग्लंडात माल नेऊन रात्री घरी परतण्यासाठी बनवलेली होती. केबिन लाकडी सांगाड्यावर फायबर ग्लास चढवलेली. झोपायला जागा नाही. दोन सीटच्या मध्ये इंजिनाचा उंचवटा, त्यावर फळी टाकायची आणि अंथरूण पसरायचं. एक जण फळीवर, दुसरा सीटवर अंग दुमडून. हीटर नावापुरता. ट्रेलरखाली लोखंडी पेटी होती, तिच्यात गॅसची शेगडी, बटाटे, कांदे, डबाबंद मांस, आणि माझ्यासाठी तांदूळ आणि मसूर. ते आमचं स्वयंपाकघर.

बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, तिथे रस्ते चांगले आणि कागद जास्त. युगोस्लाव्हिया लागला की जीव मुठीत. झाग्रेबहून बेलग्रेडला जाणारा तो हमरस्ता, नाव ‘बंधुता आणि एकता’, पण मध्ये दुभाजक नाही. जर्मनीत कामाला असलेले तुर्की मजूर उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबकबिला, टपावर गाद्या आणि फ्रिज लादून, न झोपता घराकडे सुटायचे. रस्त्याच्या कडेला चेपलेल्या मोटारी तशाच पडलेल्या दिसायच्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हिवाळा होता म्हणून गर्दी कमी होती. पुढे उन्हाळ्यात गेलो तेव्हा एका ठिकाणी लहान मुलाची चप्पल दिसली, ती अजून डोळ्यांपुढे आहे. बेलग्रेडला नॅशनल हॉटेल, इस्तंबूलला लोंद्रा कॅम्पिंग, हे आमचे मुक्काम. तिथे पुढच्या रस्त्याची खबर मिळायची: कुठे बर्फ, कुठे रांग, कोण उलटला. १९७३ च्या ऑक्टोबरअखेर बॉस्फरसवरचा पूल खुला झाला होता, त्यामुळे आम्हाला फेरीबोटीची वाट पाहावी लागली नाही. पुलावरून एक खंड संपतो आणि दुसरा सुरू होतो. माझ्या जोडीदाराला त्याचं काही नव्हतं, मी मात्र हात जोडले. आशियात आलो होतो.

आणि मंडळी, इथे मला एक गंमतीचा शोध लागला. तुर्की जकात नाक्यावर एका अधिकाऱ्यानं ट्रेलरच्या दोरीकडे बोट दाखवून विचारलं, ‘म्युह्युर?’ आमचा इंग्रज ड्रायव्हर गोंधळला. मी मात्र चटकन म्हणालो, मोहोर! टीआयआर म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या करारात पद्धत अशी की माल भरला की ताडपत्रीच्या सगळ्या कड्यांमधून एकच अखंड दोर ओवायचा आणि त्याच्या टोकांना जकातीचं शिशाचं सील लावायचं. मग वाटेतल्या देशांनी माल उघडून बघायचा नाही, फक्त सील शाबूत आहे का पाहायचं, आपल्या वाट्याचे कागद फाडून घ्यायचे आणि शिक्का मारायचा. त्या सीलला ते लोक मोहोर म्हणत होते. मग मी कान उघडे ठेवले. हिशेबाला हेसाप, हमालाला हमाल, कागदाला क्याट, तयार आहे म्हणायचं तर हाझिर. पुढे इराणात तर दफ्तर, कागज, मोहर, अंबार. आपल्या दप्तरात शिवकाळाच्याही आधीपासून जे शब्द बसले आहेत, ते तिथे नाक्यावर उभे होते. माझं ना तुर्कीशी नातं, ना फारसीशी, पण मराठीच्या जोरावर मी त्या खिडक्यांपाशी उभा राहू शकलो. शब्द कळला की माणसाचा चेहरा बदलतो. पुढच्या फेऱ्यांमध्ये आमच्या गाड्या नाक्यावर पोचल्या की इतर ड्रायव्हर कागद माझ्याकडे द्यायचे.

एक शब्द मात्र आपल्याकडे नाही. यवाश. म्हणजे हळू. तुर्कीतही तोच, फारसीतही तोच. नाक्यावर घाई केली की यवाश, यवाश. घाटात समोरून येणारा ट्रकवाला खिडकीतून तळहात खाली दाबल्यासारखा करायचा, आणि ओठ हलायचे, यवाश, यवाश.

त्याचा अर्थ मला ताहिरवर कळला. अर्झुरुम शहरच १,९०० मीटर उंचीवर आहे. तिथून पूर्वेला इराणकडे निघालं की ताहिरची खिंड लागते, जवळजवळ २,५०० मीटर. तेव्हा तिचा मोठा भाग कच्चा होता. जानेवारीत तिथे उणे ३० पर्यंत पारा उतरतो. त्या थंडीत डिझेल डिझेल राहत नाही, त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. आम्ही त्यात रॉकेल मिसळायचो, रात्रभर इंजिन चालू ठेवायचो. तुर्की ड्रायव्हर टाकीखाली चिंध्यांचा जाळ करायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडत धावलो होतो, त्यांनी मला हसून चहा दिला. फिटर म्हणून माझं खरं काम होतं हवेच्या ब्रेकचं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाक्यांमध्ये साठतं. ते रोज संध्याकाळी सोडून द्यायचं. एक दिवस विसरलात तर रात्रीत नळीत बर्फ, आणि सकाळी ब्रेक नाही. मी एकही दिवस विसरलो नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

चढलो साखळ्या लावून, दुसऱ्या गिअरात. माथ्यावर जोडीदारानं गाडी उभी केली आणि मला म्हणाला, उतार तू घे, तुझे हात ताजे आहेत. मी दुसरा गिअर टाकला आणि हात स्टिअरिंगखालच्या छोट्या दांडीवर ठेवला. ही दांडी फक्त ट्रेलरचे ब्रेक लावते. बर्फावर पायाचा ब्रेक दाबला की पुढच्या गाडीची चाकं अडतात, मागचे वीस-बावीस टन ढकलत राहतात, आणि ट्रेलर बाजूनं पुढे येऊन आपल्याच केबिनवर मिटतो, चाकू मिटावा तसा. म्हणून आधी मागच्याला धरायचं. ट्रेलर किंचित मागे ओढत राहिला पाहिजे, म्हणजे सगळं सरळ रेषेत राहतं. दोन बोटांनी धरायचं, सोडायचं, धरायचं. पायाचा ब्रेक नाही, क्लच नाही. गार्डनर आपल्या संथ सुरात घुमत होतं. डाव्या बाजूला खाली दरीत तीन-चार सांगाडे दिसत होते, एकाची ताडपत्री अजून फडफडत होती. माणसाच्या चालीनं आम्ही उतरलो. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. खाली पोचल्यावर माझा हात दांडीवरून निघेना, जोडीदारानं बोटं एकेक करून उलगडली.

पुढे बझरगानच्या सरहद्दीवर आम्ही पाच दिवस रांगेत होतो. समोर अरारात, ५,१३७ मीटर, सकाळी गुलाबी. तसा पर्वत मी परत पाहिला नाही. पाच दिवसांत तोच एक देखावा होता आणि मला तो पुरला.

आता दुसरी फेरी, कारण ती सांगितल्याशिवाय पहिली खोटी ठरेल. १९७५ च्या वसंतात मी एकटा, माल दमास्कसचा. अनातोलियाचं पठार संपतं आणि तोरोस डोंगरातून, गुलेकच्या खिंडीतून, रस्ता एकदम समुद्राकाठच्या मैदानात उतरतो, तार्सूसकडे. अगदी देशावरून कोकणात उतरावं तसा. वर कोरडी हवा, खाली संत्र्यांच्या बागा. रस्ता कोरडा, डांबरी, ऊन पडलेलं. ताहिर उतरलेला माणूस मी, मला हे काय? मी एक गिअर वरचा टाकला. पहिल्या दोन वळणांना काही वाटलं नाही. मग ब्रेकवर पाय ठेवावा लागला, आणि ठेवलेला पाय काढता येईना. आरशात पाहिलं तर ट्रेलरच्या चाकांतून निळा धूर. ब्रेकचे लायनर जळाल्याचा तो वास घाटात गाडी चालवणाऱ्या कुणालाही सांगावा लागत नाही. चाकातला ब्रेकचा ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा होतो. गिअर खाली आणायला जावं तर इतक्या वेगात तो बसत नाही, न्यूट्रलमध्ये राहिलात तर संपलंच. मी नशिबानं वाचलो. रस्त्याच्या कडेला एक खडीचा ढीग होता, त्यात गाडी घातली. पुढचा बंपर आणि एक दिवा गेला. अर्धा तास मी खाली उतरलो नाही.

मग एक म्हातारा तुर्की ट्रकवाला थांबला. त्याच्या गाडीच्या कपाळावर रंगवलेलं ‘माशाल्ला’, खाली फुलं आणि मोर, अगदी आपल्याकडचा ट्रक. त्यानं ड्रमवर थुंकून पाहिलं, चर्र झालं. मान हलवली. काही बोलला नाही. माझ्या केबिनमध्ये चढला, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि दोन बोटं दाखवली. दुसरा. मी तिथेच रडलो. वडिलांनी सांगितलेलं मला परदेशात, परक्या माणसानं, भाषेशिवाय पुन्हा सांगावं लागलं होतं.

त्यानंतर मला व्होल्व्हो एफ ८८ मिळाली. सोळा गिअर, मागे खरा बिछाना, आणि असा हीटर की बाहेर बर्फ असताना आत बनियनवर बसावं. सौदीतून पाइपलाइनच्या कडेनं जाणारा रस्ता मी तिच्यातूनच केला, तुराइफ, रफ्हा, कैसूमा, शेकडो किलोमीटर नुसतं सपाट. त्या स्वीडिश गाड्यांनी ब्रिटिश गाड्या या वाटेवरून हटवल्या ते योग्यच झालं. ड्रायव्हर हा माणूस आहे आणि त्याला पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांना आधी कळलं. १९७९ साली इराणात क्रांती झाली, १९८० च्या सप्टेंबरात इराण-इराक युद्ध पेटलं, तोवर बंदरंही वाढली होती. माझ्यापुरती ती वाट तिथे संपली.

इंग्लंडात आता जुन्या ट्रकांचे मेळावे भरतात. लोक फार प्रेमानं या गाड्या जपतात, मी त्यांचा ऋणी आहे. गेल्या वर्षी एका मैदानावर आमच्यासारखीच अ‍ॅटकिन्सन उभी होती, रंग चकचकीत. मालकानं मला वर बसू दिलं. खाली उभे असलेले तरुण विचारत होते, किती पळायची, किती ताकद. मला मनापासून सांगायचं होतं की ही किती हळू उतरायची ते विचारा. माझा डावा हात आपोआप त्या छोट्या दांडीकडे गेला होता.

तुमच्यासाठी एक वस्तू आणली आहे, इथे टेबलावर ठेवतो. शिशाची मोहोर आहे, तेहरानला माल उतरवताना तोडलेली, त्या पहिल्या फेरीची. अक्षरं झिजली आहेत, पण उजेडात धरली तर दिसतात. मुलांनो, रांगेनं या. हातात घ्या, सगळ्यांनी घ्या. घाई करू नका, मी आहे इथेच.