ओटीपोटाचं जुनं दुखणं आणि आवळून धरलेलं अंग

(महिलांच्या सभेत एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ओटीपोटात दुखतं म्हणून बाई दवाखान्यात गेली की आधी सोनोग्राफी होते. ती नॉर्मल आली की बहुतेकींच्या कानावर दोनपैकी एक वाक्य पडतं. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ किंवा मग, ‘पिशवीला सूज आहे, मुलं झालीत ना, काढून टाकू.’ आजचं माझं बोलणं या दोन वाक्यांमध्ये अडकलेल्या बायकांबद्दल आहे. सहा महिन्यांहून जास्त दिवस दुखतंय. पाळीत दुखतं, पाळी नसतानाही दुखतं. फार वेळ बसलं की माकडहाडापाशी ओढ लागते, संबंधांच्या वेळी कळ येते, लघवीला सारखं जावंसं वाटतं. आणि रिपोर्ट स्वच्छ. यातल्या पुष्कळ जणींच्या दुखण्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो, आणि नेमके स्नायूच कुणी तपासलेले नसतात.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. स्नायूंचं नाव घेऊन बाकीचे आजार मागे टाकायचे नाहीत. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, जननक्षम वयातल्या साधारण दहा टक्के बायकांना असतो, आणि साध्या सोनोग्राफीत तो सुटून जाऊ शकतो. जंतुसंसर्गाचं दुखणंही खरंच असतं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यामुळे ताप, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव, वजन उतरणं, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणं, यातलं काही असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग मी.

आता स्नायूंकडे येऊ. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर पसरलेला आहे. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो. आम्ही त्याला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतो. हा थर श्वासाबरोबर हलतो. श्वास आत घेतला की छातीखालचं श्वासपटल खाली येतं, पोट थोडं पुढे येतं आणि तळाचा हा थरही किंचित खाली उतरून सैल होतो. श्वास सोडला की तो वर येतो. झोपेतही हे चालू असतं.

पण पोट कायम आत ओढलेलं असेल आणि श्वास नुसता छातीच्या वरच्या भागातच खेळत असेल, तर या थराला सैल पडायची संधीच मिळत नाही. मूठ दिवसभर आवळून ठेवली तर संध्याकाळी बोटं ठणकतील, उघडताना त्रास होईल. इथेही तसंच होतं, फरक इतकाच की ही मूठ दिसत नाही. पुढे दुखतं म्हणून बाई आणखी आवळते आणि आवळल्याने आणखी दुखतं. असे महिने गेले की मज्जासंस्थाच हळवी होते, आणि एरवी जाणवलाही नसता असा ताणसुद्धा वेदना म्हणून पोचतो. बाई वेदना वाढवून सांगत नसते, तिला ती खरोखर तेवढीच होत असते.

हे आवळणं येतं कुठून? थोडं वाढवण्यातून. पोट आत घे, पाय जुळवून बस, हे मुलीला वयात यायच्या आधीपासून ऐकवलं जातं. परकराची नाडी करकचून बांधली की श्वासाला पोट पुढे यायला जागा उरत नाही. बाळंतपणातल्या जखमा असतात, जबरदस्तीचे अनुभव असतात, शरीर ते धरून ठेवतं. आणि एक कारण असं आहे की ते बोलायला कुणालाच आवडत नाही: लघवी धरून ठेवणं. बाजारात बसणारी भाजीवाली, बस कंडक्टर, ट्रॅफिक पोलीस बाई, शाळेतली शिक्षिका या पाणी कमी पितात आणि तासन्‌तास धरून ठेवतात, कारण जायला जागाच नसते. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली ती बायकांना स्वच्छतागृह मिळावं याच हक्कासाठी. माझ्या दृष्टीने तो ओटीपोटाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. स्वच्छतागृह मिळालंच तर ते इतकं घाण असतं की कमोडला अंग न टेकवता बाई अधांतरी वाकून उभी राहते. त्या अवस्थेत मांड्या आणि कुल्ले ताठ राहतात, तळाचे स्नायू पुरते सुटत नाहीत, आणि मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

या विषयावर मला महत्त्वाचं वाटणारं काम नॉर्वेतलं आहे. ओस्लोमध्ये ग्रो हॉगस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओटीपोटाच्या जुन्या दुखण्याच्या ६० बायका आणि दुखणं नसलेल्या १५ जणी यांचं उभं राहणं, बसणं, चालणं, श्वास घेणं बारकाईनं तपासलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. दुखणाऱ्या बायकांची चाल आखडलेली होती, श्वास वरवरचा आणि छातीतला होता. नंतर अशाच ४० बायकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्याबरोबरच सुमारे तीन महिने हालचाल, श्वास आणि अंगाची जाणीव यांचं शिक्षण दिलं. या दुसऱ्या गटाची वेदना साधारण निम्मी झाली, आणि वर्षभराने पाहिलं तेव्हा ती आणखी कमी झालेली होती. अभ्यास लहान आहे, त्यातून प्रत्येकीला हमी देता येत नाही. पण हालचाल आणि श्वास शिकवून हा फरक पडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

यातून कृपा करून ‘तू नीट बसत नाहीस म्हणून तुला दुखतं’ असा अर्थ काढू नका. आखडलेली चाल आधी आली की दुखणं आधी आलं, हे अशा तपासणीतून ठरत नाही. दुखणारा माणूस अंग चोरतोच. ताठ बसा, खांदे मागे घ्या, असं सांगून आपण त्या बाईला आवळायला आणखी एक जागा देतो. बसायची एकच बरोबर पद्धत असते असं मी मानत नाही. माकडहाडावर घसरून तासभर बसणं वाईट आणि काठीसारखं ताठ तासभर बसणंही वाईट. अर्ध्या तासाने उठा, कूस बदला, मांडी घाला, मोडा.

बीडच्या ऊसतोडणी कामगार बायकांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवसभर वाकून तोडायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचं. खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे साधारण सहातली एक. कित्येक जणी ऐन तिशीतल्या. कंबर दुखते, ओटीपोट दुखतं, पांढरं जातं, या तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या. पिशवी गेली, मोळी डोक्यावर तशीच राहिली. ज्या पाठीवर, ज्या मांड्यांवर आणि ज्या तळावर ते ओझं पडतं, तिथे कितीजणींना कुणी हात लावून पाहिलं असेल? मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

हात लावून पाहण्यासारखं काय असतं, त्याचं एक उदाहरण देते. बाईला उताणं झोपवायचं, दुखरी जागा बोटाने दाबून धरायची आणि तिला मान व खांदे थोडे उचलायला सांगायचं. त्याने पोटाचे स्नायू कडक होतात आणि आतले अवयव झाकले जातात. तरीही बोटाखालचं दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर त्याचा उगम पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता बळावते. याला कार्नेटची चाचणी म्हणतात. यंत्र लागत नाही, खर्च नाही, मिनिटभराचं काम. याने एकट्याने निदान होत नाही, पण मोठ्या ऑपरेशनआधी एवढं तरी व्हावं. तळाचे स्नायू मात्र आतून तपासावे लागतात. ते बाईची संमती घेऊन, सावकाश, आणि ती नको म्हणताच थांबून.

उपचारात आम्ही आधी सोडायला शिकवतो. मोबाइलवर पाहून केगेलचे, म्हणजे तळाचे स्नायू आवळण्याचे, व्यायाम करणाऱ्या खूप जणी येतात. खोकताना लघवी निसटते त्यांना ते उपयोगी आहेत. पण स्नायू आधीच आवळलेला असेल तर केगेलने दुखणं वाढू शकतं. अशा वेळी उताणं झोपून, गुडघे वाकवून, एक हात बेंबीखाली ठेवायचा आणि श्वास त्या हातापर्यंत येऊ द्यायचा. सुरुवातीला पोट हलतच नाही. कुणाकुणाला त्या वेळी रडू येतं, येऊ द्यावं.

शेवटी एका ताईंनी विचारलं, ‘माझी बहीण ३६ वर्षांची आहे, नुसतं दुखतं म्हणून पिशवी काढायला सांगितलीय, काय करू?’ ताई, कॅन्सर असेल, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, तर पिशवी काढणं योग्य ठरू शकतं. फक्त दुखण्यासाठी असेल तर घाई नको. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती लगेच येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात, अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या. जमलं तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या फिजिओथेरपी विभागात ओटीपोटाचे स्नायू तपासतात का, ते विचारा. आणि जाताना फाइलबरोबर बहिणीकडून एक कागद लिहून घ्या: बसल्यावर जास्त दुखतं की उभं राहिल्यावर, ओझं उचलल्यावर वाढतं का, शौचाच्या वेळी, संबंधांच्या वेळी काय होतं, आणि पहिल्यांदा दुखलं त्या सुमाराला घरात काय चाललं होतं. हे सोनोग्राफीत येत नाही, डॉक्टरांना ते तिनेच सांगावं लागेल.