मण्यांवर मोजलेला श्वास

[दृश्य: एका मिनिटाची वाळूची घडी उलटी होते. शेजारी मण्यांच्या दोन रांगा.]

बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर न्यूमोनिया धरून चालायचं. दोन महिन्यांच्या वरचं असेल, तर 50. खोकला साध्या सर्दीनेही येतो, ताप तर कशानेही येतो. पण संसर्ग फुप्फुसात उतरला की बाळाला प्राणवायू कमी पडू लागतो आणि ते भराभर श्वास घेतं. ही खूण ओळखायला एक्स-रे लागत नाही, स्टेथोस्कोपही लागत नाही. मिनिट कळायला हवं आणि 60 पर्यंत न चुकता मोजता यायला हवं, एवढंच.

1980 च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या दायांची अडचण नेमकी इथेच होती. गावातली कितीतरी मुलं त्यांच्या हातावर जन्मलेली. आजारी बाळ सगळ्यात आधी बघणार त्याच. पण बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती आणि सेकंदकाट्याशी कधी संबंध आलेला नव्हता.

[दृश्य: एक हात मणी सरकवतो. मागे बाळाचं पोट वर-खाली होताना दिसतं.]

मग त्यांच्यासाठी गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेने हे साधन तयार केलं. घडी उलटायची आणि बाळाच्या पोटाकडे नजर लावायची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. लहान बाळासाठी एक रांग, मोठ्यासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत रांगेतला शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत तर बोटांवर मोजता येतं.

यात शास्त्राशी तडजोड कुठेच नाही. मिनिट तेच राहिलं आणि 60 ची मर्यादाही तीच. मोजणी तेवढी दाईच्या हाताला येईल अशी मांडली. विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच शब्द सोपे करायला घेतात. इथे विचार वेगळ्या बाजूने झाला: हे काम कुणाला करायचं आहे आणि तिला आधीपासून काय येतं?

गावातले आरोग्यसेवक आणि दाया न्यूमोनिया ओळखून तोंडावाटे प्रतिजैविक औषध देऊ लागले. या प्रयोगाचे निष्कर्ष 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हे उपचार मिळत होते त्या गावांत न्यूमोनिया झालेल्या दर 100 मुलांमागे एकाहूनही कमी मूल दगावलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत हे प्रमाण 13.5 होतं.

[दृश्य: धानोरा रस्ता. दोन्ही बाजूंना साग, मोह, बांबू. ‘सर्च’ संस्थेच्या आवाराची, म्हणजे शोधग्रामची, कमान.]

गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. चार वर्षांनी, 1986 साली, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी इथे ‘सर्च’ सुरू केली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघे परतले होते. डोक्यात संशोधनाचे विषय होते. त्यातला एक सिकलसेल.

हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे ठणकतात, अंगात रक्त राहत नाही. जिल्ह्यात हा आजार आहे हे त्यांनी शोधून दाखवलं. संशोधन म्हणून ते मोलाचं होतं. पण गावातल्या लोकांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. त्यांनी हा प्रश्न विचारलेलाच नव्हता, आणि हा आजार मुळापासून बरा करणारं औषधही कुणाच्या हातात नव्हतं. हा अनुभव डॉ. अभय बंग यांनी पुढे जाहीरपणे सांगितला आहे. आपण लोकांवर संशोधन केलं, लोकांसाठी नाही, असा धडा त्यांनी त्यातून घेतला. विज्ञान प्रसाराच्या कामात असलेल्या प्रत्येकाने या प्रसंगापाशी थोडं थांबावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. माहिती खरी होती, महत्त्वाची होती, सांगणारी माणसं तळमळीची होती; तरी ती गावात रुजली नाही.

[दृश्य: विहिरीवर बायका. बोलणं ऐकू येत नाही, फक्त चेहरे.]

बायकांना मात्र खूप काही सांगायचं होतं. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पाळीचा त्रास होतो. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि पुरुष डॉक्टरला सांगायची सोय नव्हती. त्या काळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हटलं की बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच जगाच्या डोळ्यांपुढे असायचं. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा अभ्यास केला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. 1989 साली हा अभ्यासही ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभरच्या आरोग्य धोरणांत त्याची दखल घेतली गेली. या वेळी गावाने सांगितलं आणि शास्त्राने ऐकून घेतलं.

[दृश्य: माँ दंतेश्वरी दवाखाना. झोपड्यांसारख्या बैठ्या इमारती, अंगणात नातेवाईक.]

दवाखाना कसा हवा, हेही लोकांनाच विचारलं गेलं. मोठ्या इस्पितळाची भीती वाटते, असं आदिवासी गावांतून आलेल्या लोकांनी सांगितलं. तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत वावरतात आणि पांढरं कापड तर आपण मेलेल्या माणसाला गुंडाळतो. शिवाय आजारी माणसाला एकट्याला आत ठेवतात, घरच्यांना बाहेर काढतात. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी पाड्यासारखा बांधला गेला. रुग्णाच्या सोबत घरचं माणूस राहू शकतं. नाव दिलं ते दंतेश्वरी देवीचं.

कुणी म्हणेल, यात विज्ञान सांगण्याचा संबंध काय? आम्हाला तो अगदी सरळ दिसतो. दवाखान्याच्या दारातूनच माणूस परत फिरला तर आतलं सगळं शास्त्र त्याच्या उपयोगाचं नाही. पांढऱ्या कोटाची भीती ही अडाणी समजूत आहे, असं म्हणून ती हसण्यावारी नेता आली असती. इथे ती दवाखान्याच्या बांधणीतच विचारात घेतली गेली.

[दृश्य: बाळंतिणीची खोली. कोपऱ्यात चूल, अर्धवट उजेड.]

यानंतरचं काम नवजात बाळांचं, आणि ते सगळ्यात अवघड होतं. जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत सर्वाधिक बालमृत्यू होतात. 1990 च्या दशकात इथली बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. बाळ आजारी पडलं तरी बाळंतिणीला आणि तान्ह्याला घेऊन कोस दोन कोस तुडवत दवाखाना गाठायला कुटुंब तयार नसायचं. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की वाटच बंद. मग उपचारच घरापर्यंत न्यायचे ठरले. 39 गावांतून पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत.

नवजात बाळाला होणारा जंतुदोष, सेप्सिस, मोठ्या रुग्णालयातही ओळखायला कठीण. तिथे रक्ताची तपासणी करतात, जंतू वाढवून बघतात. गावात यातलं काही शक्य नाही. सर्चने वर्षानुवर्षं गोळा केलेल्या नोंदी तपासल्या आणि सात खुणा काढल्या. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं मंदावलं किंवा थांबलं. आधी चांगलं ओढणारं बाळ आता दूध ओढत नाही. तरतरीत होतं, ते मलूल पडलं. अंग गार लागतं किंवा तापलंय. पोट फुगलंय, सारखी उलटी होते किंवा जुलाब लागलेत. बेंबीत किंवा कातडीवर पू आहे. बाळ कण्हतंय किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जातेय. सातपैकी कुठल्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, तर सेप्सिस समजून उपचार सुरू करायचे.

यातल्या पहिल्या तीन खुणा पुन्हा वाचून पाहा. ‘आधी’ कसं होतं, हे कोण सांगणार? रात्रंदिवस बाळाजवळ असलेली आई. आरोग्यदूत तिला विचारते, काल किती वेळा पाजलंत, आज किती वेळा? कालच्यासारखं रडतंय का? आईच्या उत्तरावर निदान ठरतं. म्हणजे जिला आजवर फक्त सूचना दिल्या जात होत्या, तिची साक्ष आता शास्त्राचा पुरावा झाली. आम्हाला या सगळ्या कामातलं सर्वांत मोठं काही वाटत असेल, तर ते हेच.

[दृश्य: आरोग्यदूत बाळाचं वजन करते. आई आणि आजी वाकून बघताहेत.]

घरात आजी असते, सासू असते. बाळाला जन्मल्याबरोबर अंघोळ घालायची, पहिलं दूध पिळून टाकायचं, अशा रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. गावातलीच सून किंवा लेक असलेली आरोग्यदूत या रीतींवर भाषण देत नाही. ती बाळाचे पाय आणि पोट आजीला हात लावून बघायला सांगते. पोट ऊन आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी भरायला लागली आहे. कोरडं करून गुंडाळल्यावर, आईच्या कुशीत दिल्यावर पाय ऊन होतात, तेही आजीलाच हाताने कळतं. चित्रांचे तक्ते आहेत, गरोदर बायकांच्या बैठका आहेत. पण आपल्या हातांनी अनुभवलेलं जितकं पटतं तितकं तक्ता पाहून पटत नाही.

या आरोग्यदूत सेप्सिसला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायच्या. आधी आईवडिलांना सांगायचं की दवाखान्यात नेणं चांगलं. ते तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने घरीच उपचार. गावातली कमी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, ही कल्पना अनेक तज्ज्ञांना मान्य नव्हती. शंका रास्त होती. उत्तर आकड्यांतूनच यायला हवं होतं आणि ते तसंच आलं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, या गावांत नवजात बालमृत्यूचा दर तिसऱ्या वर्षी दर हजारी 62 वरून 25.5 वर आला होता. तुलनेच्या 47 गावांत तो 60 च्या आसपासच राहिला.

[दृश्य: नकाशा. गडचिरोलीतून देशभर पसरत जाणाऱ्या रेषा.]

2011 साली भारत सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम ‘आशां’मार्फत, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, देशभर सुरू केला. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक.

काम एवढं पसरलं की त्यातलं काय शिल्लक राहतं, हा प्रश्न आम्हाला सतावतो. भेटींचे दिवस कागदावर लिहिता येतात, तक्ता छापता येतो. ‘कालच्यासारखं रडतंय का’ हा प्रश्न मात्र आईच्याच बोलीत विचारावा लागतो. उत्तर ऐकायला तिथे बसायला हवं, आणि घाई असेल तर तक्त्यावर नुसती खूण करून पुढच्या घरी जाता येतं. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात झाडीबोली आहे, गोंडी आहे, माडिया आहे, छत्तीसगढी आहे. सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली. जिल्ह्याबाहेर मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या धडगावात पावरी. ‘बाळ मलूल पडलंय’ हे भामरागडची माडिया आई ज्या शब्दांत सांगते, ते आशाताईंच्या प्रशिक्षणात यायला हवेत.

ते ठरवायला बाहेरून भाषातज्ज्ञ आणायची गरज नाही. त्या भागातल्या आशा, दाया आणि नुकत्याच बाळंत झालेल्या मुली एकत्र बसल्या, तर सातही खुणांसाठी आपापल्या बोलीतले प्रश्न त्या स्वतःच तयार करतील. त्यांना त्यासाठी दोन-तीन दिवस मिळावेत, बुडालेली मजुरी भरून मिळावी आणि त्यांनी काढलेले प्रश्न प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत छापले जावेत, एवढी मागणी आम्ही या चित्रपटातून करत आहोत.

[दृश्य: भामरागडचा आठवडी बाजार. श्रेयनामावली.]