वाकड्या पॅसेजमध्ये नक्षीची फरशी

आज मी फक्त घराच्या पॅसेजबद्दल बोलणार आहे. जुनं घर दुरुस्त करताना लोक ओटीवर आणि माजघरात हौसेने नक्षीच्या लाद्या घालतात, आणि मधला अरुंद पॅसेज गवंड्यावर सोडून देतात. माझ्या मते सगळ्यात आधी डोकं तिथेच लावायला हवं. खोलीत भिंतीचा वाकडेपणा कपाटाखाली, दिवाणाखाली झाकून जातो. पॅसेज मोकळा असतो. दारात उभं राहिलं की दोन्ही भिंती आणि मधली फरशी एकाच नजरेत येते.

कोकणातलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. चिरा हाताने तासलेला, गिलाव्यावर गिलावा चढलेला, मागची पडवी कधीतरी नंतर जोडलेली. भिंत गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, सापडली तर नवल. त्यामुळे भिंती सरळ करून घ्या असा सल्ला मी कधीच देत नाही. चार इंच गिलावा थापून पॅसेज सरळ दिसेल, पण जुन्या चौकटी खोल खड्ड्यात गेल्यासारख्या दिसतील.

सावंतवाडीजवळच्या एका घराचं उदाहरण घेऊ, म्हणजे हिशेब समोर राहील. पॅसेज 22 फूट लांब. ओटीच्या बाजूला रुंदी 52 इंच, मागच्या दाराशी 48.5 इंच. म्हणजे साडेतीन इंचांचा फरक. शिवाय मधे देवघराची भिंत दोन इंच पुढे आलेली.

आता लादीकडे येऊ. आपल्याकडे जुन्या नक्षीच्या फरशा मुख्यतः दोन तऱ्हेच्या दिसतात. एक इंग्लंडहून आलेली, भट्टीत भाजलेल्या मातीची. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं, तिथे स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्याच्या लाद्या आहेत. दुसरी सिमेंटची, आठ बाय आठ इंचांची. ही भाजत नाहीत. साच्यात पितळेच्या पट्ट्यांची जाळी ठेवतात, तिच्या एकेका कप्प्यात रंगीत सिमेंट ओततात, जाळी अलगद उचलतात, पाठीमागून कोरडा माल भरतात आणि प्रेसमध्ये दाबतात. मग लादी पाण्यात मुरवतात. रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, म्हणून वर्षानुवर्षं पाय पडूनही नक्षी पुसली जात नाही. मुंबईत 1922 साली सिधवा काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत टाइल्स’ सुरू केली आणि विलायती लादीच्या तोडीची लादी इथे होऊ लागली. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींचे जिने आणि गॅलऱ्या आजही सिमेंटच्या लाद्यांनी शोभतात.

हा फरक पॅसेजमध्ये फार महत्त्वाचा ठरतो. इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन घरांच्या अरुंद हॉलवेत भाजलेल्या मातीचे लहान लहान चौकोन, त्रिकोण, अष्टकोन जोडून नक्षी केलेली असते. तिथे बॉर्डर भिंतीबरोबर वाकवून मधली नक्षी बॉर्डरच्या कडेला कापली तरी चालून जातं, कारण तुकडाच दीड-दोन इंचांचा. आपली लादी आठ इंचांची. तिच्यावरचं फूल कडेला तिरकं कापलं की पायाखाली पाकळ्या मोजता येतात. म्हणून माझा नियम असा: नक्षी आणि बॉर्डर दोन्ही एकमेकांशी काटेकोर गुण्यात ठेवायची, आणि घराचा सगळा वाकडेपणा बॉर्डर आणि भिंत यांच्यामधल्या साध्या, एकरंगी पट्ट्यात जिरवायचा.

हिशेब बघा. मधे तीन लाद्या नक्षीच्या, दोन्ही बाजूंना एकेक बॉर्डरची. पाच आठे 40, आणि अर्ध्या सुताचे सांधे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) धरून 40 इंचांहून जरासं जास्त. रुंद टोकाला उरले पावणेबारा इंच, अरुंद टोकाला सव्वाआठ. दोन बाजूंना वाटले की पट्टा एका टोकाला सुमारे सहा इंचांचा आणि दुसऱ्या टोकाला चारचा होतो. देवघरापाशी तीनचा. सहाचे चार 22 फुटांत होतात ते डोळ्याला कळत नाही. पण हाच पट्टा अर्ध्या इंचापासून अडीच इंचांपर्यंत गेला असता, तर फरक तितकाच असूनही पाचर ठोकल्यासारखा दिसला असता. पट्टा अगदी अरुंद जागीही तीन इंचांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी नक्षीची एक ओळ कमी करावी लागली तरी करावी.

घरच्या वहिनींना चार लाद्या मिळून एक मोठं फूल होतं ते डिझाइन हवं होतं. मी म्हटलं, “वहिनी, तीन लाद्यांच्या रुंदीत दीड फूल बसेल. चार लाद्या घेतल्या तर बॉर्डर मागच्या दाराशी भिंतीला टेकेल.” मग ते फूल ओटीवर घातलं, आणि पॅसेजमध्ये एकाच लादीत पूर्ण होणारी चांदणी घेतली. कॅटलॉग नंतर उघडायचा, मोजपट्टी आधी लावायची.

लाद्यांची मांडणी ज्या रेषेवर करायची ती मधली दोरी कुठून धरायची, यावर गवंड्यांशी माझा नेहमी वाद होतो. ते दोन्ही टोकांची रुंदी मोजून निम्म्यावर खूण करतात. मी पुढच्या दाराचा मध्य आणि मागच्या दाराचा मध्य जोडतो. माणूस चालतो दारातून दाराकडे, नजरही तशीच जाते. या घरात मागच्या बाजूला ही दोरी भिंतींच्या मध्यापासून अर्धा इंच सरकली. पट्टे दोन बाजूंना एक इंचाने लहानमोठे झाले, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दार सोडून चांदणी एका बाजूला गेली असती तर मात्र रोज दिसली असती.

दोरीला काटकोन काढताना लोखंडी गुण्यावर विसंबू नका. हातभराच्या गुण्यातली केसभर चूक 22 फुटांत बोटभर होते. दोरीवर चार फूट, आडवे तीन फूट, आणि कर्ण बरोबर पाच फूट आला पाहिजे. तीन जागी तपासा. मग पूर्ण लांबीची मांडणी कोरडी करा, एकही लादी चिकटवू नका. घरातल्या सगळ्यांना दोन्ही दारांतून बघू द्या. एका दिवसाची मजुरी जाते, ती जाऊ द्यावी.

खालच्या जमिनीबद्दल थोडक्यात सांगतो. शेणाची जमीन काढून तिथे लादी बसवायची असेल तर दगडाचं सोलिंग (खाली दाबून बसवलेला दगडांचा थर) आणि काँक्रीट करून ते नीट वाळू द्या. चिऱ्याच्या घरात ओल खालून वर चढते आणि गडद लादीवर पांढरा खार उमटतो. लेव्हल पाणीनळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दोन्ही उंबरठ्यांशी जुळवून घ्या. लाद्यांची जाडी थोडी कमीजास्त असते, म्हणून त्या सिमेंट-वाळूच्या मालावर एकेक हाताने दाबून बसवायच्या. हातोडीने ठोकलं की वरच्या थराला केसासारख्या चिरा जातात, आणि त्या सांध्यांत स्लरी, म्हणजे पातळ सिमेंट, भरताना काळ्या पडून दिसतात.

पट्ट्याची लादी बॉर्डरच्या बाहेरच्या रेघेच्याच रंगाची घ्या, आणि स्कर्टिंगही (भिंतीच्या तळाची पट्टी) त्याच रंगाचं. या घरात आम्ही गडद तांबडा घेतला. फरशी कुठे संपली आणि भिंत कुठे सुरू झाली ती रेघच हरवते, आणि भिंतीचा वाकडेपणा मोजायला डोळ्याला आधार राहत नाही.

शेवटचं सांगणं कामगार निघायच्या दिवसाचं. सिमेंटचे डाग काढायला ते ॲसिडची बाटली काढतील. अजिबात हात लावू देऊ नका. सिमेंटच्या लादीचा रंगच ॲसिड खातं. स्लरी भरण्याआधी लादीला सीलर (डाग मुरू न देणारा लेप) लावा, सांडलेला माल ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा. नंतर रोज साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो. आणि नक्षीच्या, बॉर्डरच्या, पट्ट्याच्या अशा तिन्ही प्रकारच्या थोड्या लाद्या माळ्यावर उभ्या करून ठेवा, कारण पुढच्या खेपेचा तांबडा नेमका तसाच येईल याची हमी कारखाना देत नाही.